गाडी घेतली जंगलासाठी, पण विमा कुणासाठी? चंद्रपूर-गडचिरोलीत नवी ड्युअल-स्पोर्ट बाईक घेण्याआधी हे समजून घ्या

आलापल्ली सोडून भामरागडचा रस्ता धरला की सुमारे ६५ किलोमीटर जंगलाची सोबत असते. समजा, संध्याकाळी सातची वेळ आहे. गाडी नवी कोरी, चालवणारा तेवीस वर्षांचा मुलगा आणि गाडी वडिलांच्या नावावर. वळणावर रानडुकरांचा कळप आडवा येतो. गाडी आडवी होते, हँडल वाकतं, मुलाचा पाय मोडतो. समोर दुसरी गाडी नाही, टिपून घ्यायला नंबर नाही, ज्याच्यावर केस करावी असा माणूस नाही.

गाडीचा विमा आहे, तोही पाच वर्षांचा. कागद खिशात आहे. तरीही या अपघातात त्या कागदातून एक रुपयाही मिळेल असं नाही.

हे कसं काय? कारण कायद्याने सक्तीचा असलेला विमा हा मुळात समोरच्या माणसासाठी असतो. शहरात अपघात म्हटलं की समोर कुणीतरी असतंच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलरस्त्यांवर मात्र बऱ्याचदा समोर रानडुक्कर असतं, नीलगाय असते, चिखल असतो, नाहीतर पुराचं पाणी. म्हणून इथे नवी गाडी घेताना ‘विमा आहे ना?’ हा प्रश्न पुरेसा नाही. ‘विमा कुणाचा आणि कशाचा?’ हे विचारावं लागतं.

सविस्तर बघूया.

आधी गाडीचं बोलू

ड्युअल-स्पोर्ट म्हणजे डांबरी रस्त्यावरही चालेल आणि कच्च्या वाटेवरही चालेल अशी बाईक. पुढचं चाक मोठं, सस्पेन्शन लांब, पोट जमिनीपासून उंच, टायर खाचांचे आणि चाकं तारांची.

भारतात या प्रकारात परवडणारी गाडी देण्याचा प्रयत्न हिरोने २०११ मध्ये १५० सीसीची इम्पल्स आणून केला. ती फार चालली नाही. मग मे २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली. कार्ब्युरेटरवालीची किंमत ९७ हजार आणि फ्युएल इंजेक्शनवालीची १ लाख ५ हजार, दोन्ही दिल्लीतल्या एक्स-शोरूम किमती. लाखाच्या आसपास २१ इंची पुढचं चाक मिळायला लागलं आणि या प्रकाराची चर्चा सुरू झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिचं चार व्हॉल्व्हचं रूप आलं. जानेवारी २०२५ मध्ये लिक्विड कूल्ड इंजिनाची एक्सपल्स २१० आली, सुरुवातीची किंमत १ लाख ७६ हजार.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे करासह १२८ रुपयांना पडणारी वस्तू ११८ रुपयांना. एक्स-शोरूम किमतीत हा फरक साधारण पावणेआठ टक्क्यांचा होतो. पावणेदोन लाखांच्या गाडीवर तेरा-चौदा हजार रुपये वाचतात.

आता हे वाचलेले पैसे कुठे घालायचे? बहुतेकांचं उत्तर असतं फॉग लाईट, क्रॅश गार्ड आणि लगेज रॅक. यातली काही रक्कम विम्यात का घालावी, ते पुढे कळेल.

इथलेच रस्ते वेगळे का?

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगलाखाली आहे. चंद्रपुरात ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आहे, शिवाय ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल या पट्ट्यात प्रकल्पाबाहेरही वाघांचा वावर आहे. ऑक्टोबर २०२१ पासून छत्तीसगडमधून आलेले रानटी हत्ती गडचिरोलीच्या उत्तर भागात फिरताना दिसू लागले.

दुसरीकडे रस्ते बदलत आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शरण आला. ज्या भागात जायला लोक कचरायचे, तिथे नवे पूल आणि रस्ते होत आहेत. पण वळवाच्या पावसानंतर मुरमाचा रस्ता साबणासारखा होतो, काळ्या मातीत चाक रुततं आणि सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक ज्या मार्गांवरून धावतात तिथे धूळ आणि खड्डे दोन्ही वाट्याला येतात. चंद्रपुरात कोळशाची धूळ वेगळीच आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो.

अशा ठिकाणी ही गाडी हौसेची कमी आणि कामाची जास्त ठरते. शिक्षक, वनरक्षक, आरोग्यसेवक, लाईनमन, तेंदूपत्त्याच्या हंगामात फिरणारे लोक, सगळ्यांचा दिवस दुचाकीवर जातो.

विम्याचे तीन भाग, तीन वेगवेगळी कामं

नवी दुचाकी घेताना शोरूममध्ये ‘इन्शुरन्स’ नावाची एकच रक्कम सांगतात. तिच्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, थर्ड पार्टी. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली, मृत्यू झाला किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायद्याने हा विमा सक्तीचा आहे. तो नसताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी २ हजार आणि पुन्हा सापडल्यास ४ हजार रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

लोक पहिल्या वर्षानंतर विमा भरतच नाहीत, हे लक्षात आल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आदेश दिला आणि १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घेणं बंधनकारक झालं.

याचे दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या नव्या दुचाकीला पाच वर्षांचे ३,८५१ रुपये आणि १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एक्सपल्ससारख्या गाडीला सुमारे ८,६९१ रुपये. १२५ सीसीच्या गाडीवरून या गाडीवर येणाऱ्याला हा आकडा जरा मोठा वाटतो तो त्यामुळे. शोरूमवाला यात सूट देऊ शकत नाही आणि जास्तही घेऊ शकत नाही.

दुसरी, ओन डॅमेज. म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि चोरी. हा भाग ऐच्छिक आहे आणि नव्या गाडीला सहसा एक वर्षाचाच दिला जातो. इथेच घोळ होतो. ‘पाच वर्षांचा विमा आहे’ असं डोक्यात बसतं, पण दुसऱ्या वर्षापासून स्वतःच्या गाडीला संरक्षणच नसतं. हा भाग दरवर्षी वेगळा भरावा लागतो. त्याचा दर कंपनीनुसार बदलतो, त्यामुळे तुलना करायची तर इथे करायची.

तिसरी, मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. रक्कम १५ लाख रुपये. गाडी ज्याच्या नावावर आहे आणि ज्याच्याकडे वैध लायसन्स आहे, त्याच माणसासाठी. सुरुवातीच्या मुलामुलीच्या उदाहरणातली सगळी गोम या तिसऱ्या भागात आहे.

आता रानडुकराच्या अपघाताकडे परत येऊ

त्या अपघातात या तीन भागांचं काय होतं?

थर्ड पार्टी: समोर कुणी माणूस नाही. रानडुकराचा मालक नाही. म्हणून काही नाही.

ओन डॅमेज: भरलेला असेल तर गाडीचं नुकसान मिळतं. जनावराला धडकणं हा अपघातच धरला जातो. भरलेला नसेल तर दुरुस्तीचा सगळा खर्च घरचा.

वैयक्तिक अपघात विमा: गाडी वडिलांच्या नावावर, चालवत होता मुलगा. हा विमा वडिलांचा आहे. मुलाला त्यातून काही मिळत नाही.

आणि समजा गाडी मुलाच्याच नावावर असती तर? तरीही मोडलेल्या पायाच्या उपचाराचा खर्च यातून मिळत नाही. हा विमा मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच पैसे देतो. मृत्यू, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेले तर पूर्ण रक्कम. एक अवयव किंवा एक डोळा गेला तर निम्मी. फ्रॅक्चर, ऑपरेशन, दोन महिने बुडालेली मजुरी यासाठी आरोग्य विमा वेगळा लागतो.

हॉस्पिटलच्या खर्चासाठी एक आधार मात्र आहे. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रस्ते अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना अधिसूचित केली. त्यात अपघातानंतरचे सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरवून दिलेल्या रुग्णालयांत होतात. यासाठी अपघाताची नोंद पोलिसांकडे व्हायला हवी. म्हणूनच ‘आपणच पडलो, कशाला पोलिसात जायचं’ हा विचार महागात पडतो.

वनविभाग भरपाई देतो का?

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू किंवा इजा झाली तर महाराष्ट्र सरकार मदत देतं, हे या दोन्ही जिल्ह्यांत सगळ्यांना माहीत आहे. पण गाडीला धडक बसली तर तो ‘हल्ला’ का ‘अपघात’, यावर वाद होतो.

या वादावर एक महत्त्वाचा निकाल आहे. २०१९ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात रानडुकराची धडक बसून एका मोटारसायकलस्वाराचा मृत्यू झाला. कुटुंबाला भरपाई मिळाली नाही, म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. २०२२ मध्ये न्यायालयाने वन्यप्राण्यांपासून नागरिकांचं रक्षण करणं ही राज्याची जबाबदारी आहे असं म्हटलं आणि कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. घटना ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवली नाही, हा मुद्दा सरकारी बाजूने त्या प्रकरणात पुढे आला होता.

यातून घ्यायचा धडा सोपा आहे. जनावर आडवं येऊन अपघात झाला तर पोलिसांसोबत जवळच्या वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयालाही लगेच लेखी कळवायचं. पंचनाम्यात जनावराचा उल्लेख आला पाहिजे. चार दिवसांनी रस्त्यावर ना ठसे राहतात ना रक्त.

गाडी कुणाच्या नावावर घ्यायची?

गावाकडे गाडी बहुतेकदा वडिलांच्या किंवा पगारदार भावाच्या नावावर घेतात, कारण कर्ज त्यांना मिळतं. चालवतात मात्र घरातले सगळे. अशा घरात काय करायचं?

जो रोज चालवतो त्याच्या नावावर गाडी आणि त्याच्याकडे लायसन्स, हे सगळ्यात सरळ. ते जमत नसेल तर चालवणाऱ्या प्रत्येकाचा स्वतंत्र अपघात विमा असावा.

यासाठी फार पैसे लागतात असंही नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. १८ ते ७० वर्षांच्या कुणालाही घेता येते. १५ लाखांपुढे ही रक्कम लहान आहे, पण जिथे शून्य मिळणार होतं तिथे २ लाख मिळतात. मोठी रक्कम हवी असेल तर ‘सरल सुरक्षा बीमा’ नावाची एकसारख्या अटींची अपघात पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांनी द्यावी, असं विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलं आहे. तिची रक्कम अडीच लाखांपासून सुरू होते.

आणखी एक गोष्ट. तुमचा आधीच १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असेल किंवा दुसऱ्या गाडीवर तो घेतलेला असेल, तर नव्या गाडीवर पुन्हा घ्यायची सक्ती नाही. शोरूममध्ये हे आपण होऊन सांगायचं.

मागे बसणाऱ्याचं काय?

गडचिरोलीत ट्रिपल सीट बघायला मिळते, पण कायद्याने दुचाकीवर दोघंच. तर त्या दुसऱ्या माणसाचं काय?

अनेकांचा समज आहे की मागे बसलेला माणूस थर्ड पार्टीत येतो. निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर तसं धरून चालता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या टिळक सिंग प्रकरणात सांगितलं की अशा पॉलिसीत मागे बसलेल्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही. पॅकेज, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही असलेल्या पॉलिसीत मात्र तो धरला जातो, हे नियामकाच्या २००९ च्या परिपत्रकानंतर स्पष्ट झालं.

म्हणजे दुसऱ्या वर्षी ओन डॅमेज भरायचं टाळलं तर नुसत्या गाडीचं संरक्षण जात नाही. मागे बसलेल्या बायकोचं किंवा आईचंही जाऊ शकतं.

गाडीला काय लावायचं, काय काढायचं नाही

आता सेटअप. गाडी हातात आली की पहिल्या महिन्यात बरंच काही बदललं जातं. त्यातलं काय कामाचं आणि काय अंगाशी येणारं?

साडी गार्ड सगळ्यात आधी निघतं, कारण ते ‘लूक’ बिघडवतं. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागे बसायची सोय असलेल्या दुचाकीला मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण, धरायला हँडल आणि फूटरेस्ट हवंच. ज्या गाडीवर घरातल्या बायका बसणार आहेत तिचं साडी गार्ड काढू नये, हे नियम नसता तरी खरं होतं.

सायलेन्सर बदलणं, चेसिस कापणं, वेगळ्या मापाची चाकं बसवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं. कंपनीने मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. अपघातानंतर सर्व्हेअर गाडी बघतो तेव्हा असा बदल दिसला, तर दावा अडवायला आयतं कारण मिळतं.

हँडगार्ड, इंजिनाखालची जाड प्लेट, लगेज रॅक हे इथे खरंच कामाचं. झुडपातून जाताना हँडगार्ड बोटं आणि क्लचचा दांडा दोन्ही वाचवतो. पण ही सामग्री बाहेरून बसवली तर ती विम्यात आपोआप येत नाही. बिल देऊन पॉलिसीत नोंद करायची आणि थोडा जादा हप्ता भरायचा. दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत एक अट असते, ती वाचून ठेवा: नुसती अ‍ॅक्सेसरी चोरीला गेली आणि गाडी जागेवर राहिली, तर भरपाई नाही. रेल्वे स्टेशनबाहेर लावलेल्या गाडीची फॉग लाईट गेली, तर ती गेली.

टायरचंही तसंच. नुसता टायर फाटला तर विमा देत नाही. अपघातात गाडीसोबत टायर गेला तर निम्मी किंमत मिळते.

चाक, ट्यूब, चेन: जंगलातली खरी तयारी

तारांच्या चाकात सहसा ट्यूब असते. ट्यूबलेस टायरला खिळा लागला तर हवा हळूहळू जाते, ट्यूबची एकदम जाते. आणि एटापल्लीच्या पुढे पंक्चरचं दुकान शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून २१ इंची एक ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, हातपंप आणि मागचा अ‍ॅक्सल खोलायचा पाना कायम सोबत असावा. २१ इंची ट्यूब अडीनडीला मागच्या १८ इंची चाकातही घालून घर गाठता येतं. उलटं जमत नाही. हे सगळं एकदा घरी अंगणात करून बघायचं, पहिला प्रयोग रात्री रस्त्यावर नको.

सीटची उंची हा दुसरा मुद्दा. एक्सपल्स २१० चं सीट जमिनीपासून ८३० मिलीमीटरवर आहे. बुटक्या माणसाचे पाय पूर्ण टेकत नाहीत. चिखलात गाडी थांबली की तिथेच ती आडवी होते. शोरूममध्ये बूट घालून, मागे माणूस बसवून बघायचं. मागच्या सस्पेन्शनचा ताण आपल्या वजनाप्रमाणे मेकॅनिककडून करून घ्यायचा.

मुरूम आणि कोळशाची धूळ सगळ्यात आधी एअर फिल्टर आणि चेन खाते. कंपनीच्या पुस्तकातलं वेळापत्रक साध्या रस्त्यांसाठी असतं. धुळीच्या रस्त्यावर फिल्टर त्याआधीच साफ करावा लागतो, हे त्याच पुस्तकात लिहिलेलं असतं. पहिली सर्व्हिस वेळेत करून बिल जपून ठेवायचं, नाहीतर वॉरंटीचा वाद होतो.

टाकी १३ लिटरची. लिटरला ३५ किलोमीटर धरलं तरी साडेचारशे किलोमीटर जाते. तरी गडचिरोली किंवा आलापल्लीहून आत जाताना टाकी भरूनच निघायचं. बाटलीतलं पेट्रोल टाकायची वेळ आली, तर त्यात पाणी किती आणि पेट्रोल किती हे कोण सांगणार?

पुराचं पाणी आणि इंजिन

पर्लकोटा नदीचं पाणी पुलावरून गेलं आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही पावसाळ्यातली नेहमीची बातमी. जुलै २०२२ मध्ये सिरोंचा तालुक्यातही मोठा पूर आला होता.

पूर, वादळ, गारपीट, वीज, दरड, भूकंप, आग हे सगळं ओन डॅमेजमध्ये येतं. दंगल, घातपात आणि दहशतवादी कृत्यही येतं. २०१९ मध्ये कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं माओवाद्यांनी जाळली होती. अशा घटनेत निव्वळ थर्ड पार्टी असलेल्या गाडीला काही मिळत नाही. अंतर्गत जलमार्गाने गाडी नेतानाचं नुकसानही नेहमीच्या पॉलिसीत धरलेलं असतं. डोंग्यात गाडी घालून नदी ओलांडावी लागते तिथे हे माहीत असावं. फक्त वाजवी काळजी घेतली होती का, हे कंपनी विचारते.

पण पुराच्या दाव्यात एक मोठी मेख आहे. उभी गाडी पाण्यात बुडाली तर ते नुकसान. बुडालेल्या गाडीला बटण मारलं, इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर कंपनी म्हणते हे पुरामुळे नाही, तुम्ही सुरू केल्यामुळे झालं. यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं वेगळं कव्हर असतं. ते नसेल तर एकच नियम: पाण्यातून निघालेली गाडी सुरू करायची नाही. ढकलत न्या, टेम्पोत घाला, पण बटण नको.

झिरो डेप लागतं का?

साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि बॅटरी बदलली तर निम्मेच पैसे मिळतात. समजा पडल्यावर मडगार्ड, साईड पॅनल आणि टाकीच्या बाजूचं प्लास्टिक मिळून ८ हजारांचं बिल झालं, तर ४ हजार खिशातून. ही कपात टाळण्यासाठी झिरो डेप्रिसिएशन घेतात.

ड्युअल-स्पोर्ट गाडी कच्च्या रस्त्यावर पडणार हे गृहीतच धरायचं. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं हे कव्हर परवडतं. मात्र वर्षाला किती दावे चालतात, याची मर्यादा पॉलिसीत बघून घ्यायची. आणि आरसा फुटला, दांडा वाकला असल्या किरकोळ गोष्टींसाठी दावा करायचा नाही. एक वर्ष दावा केला नाही तर पुढच्या ओन डॅमेज हप्त्यात २० टक्के सूट मिळते आणि ती पुढे ५० टक्क्यांपर्यंत वाढते.

गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, हीसुद्धा तपासा. सहा महिन्यांच्या आतल्या गाडीला ती ५ टक्के घट धरून ठरते. हप्ता कमी दाखवण्यासाठी आयडीव्ही पाडलेली असेल, तर चोरीच्या वेळी तेवढंच मिळतं.

कुठे विमा चालत नाही?

खासगी पॉलिसीवरची गाडी भाड्याने दिली, पैसे घेऊन माणूस किंवा माल वाहिला, तर विमा बाद होऊ शकतो. ताडोबाच्या आसपास पर्यटकांना स्वतःची गाडी ‘दिवसाला इतके’ म्हणून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. शर्यत आणि रॅलीतलं नुकसानही मिळत नाही.

लायसन्स नसलेला किंवा दारू प्यायलेला माणूस चालवत असेल तर स्वतःच्या गाडीचे पैसे विसरायचे.

आणि गाडी जंगलात जाऊ शकते म्हणून आपणही जाऊ शकतो असं नाही. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. रीलसाठी नाल्यातून गाडी घातली तर दावा सोडा, आधी गाडी जप्त होते.

अपघात झाला तर काय करायचं?

आधी माणूस. १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस. नेटवर्क नसेल तर येणाऱ्या पहिल्या वाहनाकडे निरोप द्यायचा.

मग गाडी हलवण्याआधी फोटो: गाडी, रस्ता, किलोमीटरचा दगड, जनावर किंवा त्याच्या खुणा. शक्य तितक्या लवकर विमा कंपनीला फोन, आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. सर्व्हेअर बघेपर्यंत दुरुस्ती सुरू करायची नाही. दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, असं आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकात आहे. जिल्हा दूरचा आहे हे कारण चालत नाही.

दावा नाकारला तर कारण लेखी मागायचं. आधी कंपनीच्या तक्रार विभागात, मग आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर आणि शेवटी विमा लोकपालाकडे जाता येतं. लोकपालाकडे ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, वकील लागत नाही आणि फीही नाही.

डिजीलॉकर आणि एमपरिवहनमधले कागद कायद्याने चालतात. पण ते उघडायला नेटवर्क लागतं. आरसी, पॉलिसी आणि पीयूसीची छापील प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवा.

शोरूममध्ये सही करण्याआधी

पाच प्रश्न विचारा. ओन डॅमेज किती वर्षांचा आहे? आयडीव्ही किती धरली? इंजिन प्रोटेक्ट आणि झिरो डेप आहे का, आणि वेगवेगळे किती रुपये? बसवलेल्या अ‍ॅक्सेसरींची पॉलिसीत नोंद आहे का? आणि १५ लाखांचा अपघात विमा कुणाच्या नावाने निघतोय?

शोरूममधूनच विमा घ्यायची सक्ती नाही. बाहेरच्या कंपनीचा दर काढून तो समोर ठेवला की बऱ्याचदा शोरूमचाही दर खाली येतो.

एमएच ३३ असो की एमएच ३४, नंबर प्लेट लागली की गाडी रस्त्यावर येते आणि घरातले सगळे ती चालवायला लागतात. त्या दिवशी हार-नारळ झाल्यावर पाच मिनिटं काढून पॉलिसीवरचं नाव आणि गाडी चालवणाऱ्याचं नाव एकदा जुळवून बघा. जुळत नसेल, तर बँकेत जाऊन त्याच्या नावाचे २० रुपये भरण्यापासून सुरुवात करा.